रफू न केलेले शर्ट

रफूवालीनं लग्न ठरवलं तेव्हा ती चव्वेचाळीस वर्षांची होती. लहानपणीच्या तापात कमरेखालचं अंग गेलं ते गेलंच. तेव्हापासून ती चाकाच्या खुर्चीत. बोटं मात्र अशी, की जळका कोट हाती दिला तर भोक कुठं होतं ते मालकालाही सापडू नये. नवरदेव लिफ्ट दुरुस्त करणारा, तिच्याहून तीन वर्षांनी मोठा, अबोल. तिचं घर चौथ्या मजल्यावर. लिफ्ट बंद म्हणजे ती घरात कोंडली, म्हणून त्यानं आपला फोन नंबर तिला देऊन ठेवला होता. पुढं पुढं लिफ्ट धडधाकट असतानाही फोन व्हायला लागले.

दोघं मिळून अपंगांच्या भत्त्याच्या कचेरीत गेले ते लग्नानंतर काय करायचं एवढं फक्त विचारायला. काही लपवायचं त्यांच्या मनातही नव्हतं.

"तारीख ठरली की कळवा," खिडकीतला कारकून म्हणाला, "म्हणजे त्या महिन्यापासून बंद करता येईल."

"काय बंद?"

"भत्ता. आणि सकाळची मदतनीस. घरात कमावता नवरा आला ना आता."

"पण मी साडेपाचला घर सोडतो," लिफ्टवाला म्हणाला. "पहिली फेरी इस्पितळांची असते."

"मग यांना पाचला उठवा." कारकून वाईट माणूस नव्हता. त्यानं इकडंतिकडं पाहिलं आणि आवाज खाली आणला. "साहेब, सरकारच्या लेखी नवरा म्हणजे बिनपगारी मदतनीस. आणि लग्न न करता एकत्र राहायचं मनात असेल, तर तेही लग्नातच धरतात. मी आपलं सांगून ठेवतो."

दोघं परत निघाले. भत्त्याचं रफूवालीला एवढं नव्हतं; चार कोट जास्त घेतले असते. जीव अडकला होता तो मदतनीस मावशीत. मावशी सकाळी सातला यायची, तिला पलंगावरून उचलायची, न्हाऊ घालायची, पालथी करून पाठ बघायची. जिथं कळतच नाही तिथं जखम झालेलीही कळत नाही. एकदा मावशी चार दिवस आली नव्हती, तेव्हा उठलेला लाल डाग भरून यायला सात महिने लागले होते. ते सात महिने तिनं पोटावर झोपून काढले. आई शहात्तरची, तिला बादली उचलवत नव्हती, लेक कुठली उचलवणार?

"नोकरी सोडतो मी," लिफ्टवाला जिन्यापाशी म्हणाला.

"आणि खायचं काय? नट-बोल्ट?"

तो हसला, पण ओठांनीच.

मग आहे तसंच चालू राहिलं. त्याची भाड्याची खोली तीन गल्ल्या पलीकडं. संध्याकाळी यायचा, आईशी पत्ते खेळायचा, जेवून जायचा. एखाद्या रविवारी अंघोळ तिथंच उरकायचा, म्हणून त्याचे दोन शर्ट घरात असायचे. बास, एवढाच त्यांचा संसार.

आणि कचेरीचं पत्र आलं. गुरुवारी अकरा वाजता तपासणी.

"ते दोन शर्ट गिऱ्हाइकांच्या कपड्यांत लाव," आई म्हणाली. घरात कामाला आलेले परक्या पुरुषांचे पंधरा-वीस कपडे कायम टांगलेले असत, प्रत्येकाच्या आत लाल दोऱ्यानं टाचलेली नंबराची चिठ्ठी.

"त्याच्या घरी पाठव ना सरळ."

"दोरीवर वाळताना दिसलेत ते सगळ्या इमारतीला. उद्या कुणी बोललं तर? चिठ्ठी असली म्हणजे तोंड बंद. तुझं लेकी, सगळं सरळ असतं आणि म्हणूनच सगळं वाकडं होतं."

पहिला टाका घालताना देवाचं नाव घ्यायची रफूवालीची रीत होती. त्या दिवशी तिनं दोन्ही चिठ्ठ्या ओठ मिटून टाचल्या. एकोणचाळीस आणि चाळीस. देवाला यात कशाला ओढायचं, असं तिला वाटलं.

लिफ्टवाल्याला सांगून ठेवलं, गुरुवारी दिवसभर इकडं फिरकू नकोस.

गुरुवारी अकरा वाजून पाच मिनिटांनी तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मधे लिफ्ट अडकली. आतून बाईमाणसाचा ओरडा ऐकू यायला लागला. आई दारात जाऊन ऐकून आली.

"तीच आहे गं. तपासनीस."

कंपनीला फोन केल्यावर कंपनी माणूस धाडणार तो त्या भागाचाच. वीस मिनिटांत लिफ्टवालाच आला. मजल्यांमधून बाईला हाताला धरून वर ओढलं आणि ती थरथरतेय म्हणून दारापर्यंत घेऊन आला. नाही म्हणणार तरी कसा?

"देवमाणूस आहेत हो हे!" तपासनीस बाई धापा टाकत म्हणाली. "बसू द्या त्यांनाही जरा."

"या ना, या," आई म्हणाली, आणि नको तिथं तिला नाटक सुचलं. "कोण आपण? कधी पाहिलं नाही."

"सहा वर्षं लिफ्ट बघतोय, आजी," तो म्हणाला.

एरवी तो तिला आई म्हणायचा. म्हातारीनं पदराशी चाळा केला आणि पाणी आणायला आत गेली.

तपासनीस बाई पाणी पिऊन कामाला लागली. कामही हळू पावलानं करत होती, जशी काही पाहुणी आली आहे. न्हाणीघरात दोन ब्रश. पलंग एक, आईची गादी जमिनीवर. मग ती कपड्यांपाशी थांबली. एक एक चिठ्ठी उलटत चाळीसवर आली. शर्ट उजेडात धरला, उलटा केला, बाही ताणून पाहिली.

"यात रफू कुठंय?"



"खांद्यावर," रफूवाली म्हणाली.

बाईनं खांदा डोळ्यांजवळ नेला. बराच वेळ न्याहाळला. "अहो, काय हात आहे तुमचा! धागासुद्धा दिसत नाही. माझी एक साडी आहे, आणू का?"

"आणा."

तीस वर्षं तिनं खऱ्या कामाची वाहवा मान खाली घालून घेतली होती. ही न केलेल्या कामाची घेताना तिला मान वर करवेना. दाराजवळ लिफ्टवाला गुडघ्यावरचं ग्रीस नखानं खरवडत होता.

"आता थोडेच प्रश्न. घरात कमावतं दुसरं कुणी?"

"नाही."

"लग्नाचा वगैरे काही विचार?"

रफूवालीनं मांडीवरची सुई पिनकुशनमध्ये खोचली. "नाही."

"बरं आहे." बाईनं लिहिता लिहिता सुस्कारा टाकला. "मी असं म्हणू नये खरं तर. पण मागच्या वर्षी एका मुलीनं केलं. हौसेनं केलं. नवराही चांगला होता हो. पण मदतनीस बंद झाली, आणि वर्षाच्या आत..." ती थांबली. "जाऊ द्या. इथं सही करा. आणि एक साक्षीदार लागेल. नातेवाईक चालत नाही. शेजारी कुणी?"

"सगळे कामावर गेलेत," आई आतून म्हणाली.

"मग हे आहेतच की! सहा वर्षं येतात म्हणजे ओळखतात." तिनं कागद त्याच्यापुढं सरकवला.

लिफ्टवाल्यानं हात पँटला पुसले. तो अक्षर लावून वाचणारा माणूस, वाचताना त्याचे ओठ हलत. अर्जदार अविवाहित असून कोणाशीही पतिपत्नीप्रमाणे राहत नाही, हे मला व्यक्तिशः माहीत आहे. त्यानं ते एकदा वाचलं, मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

"इथं अर्जदाराशी नातं विचारलंय," तो म्हणाला. त्यानं बाईकडं नाही, रफूवालीकडं पाहिलं. "काय लिहू?"

तिला वाटलं, आत्ता सांगावं. शब्द जिभेवर आला होता. मग त्या सात महिन्यांचा वास तिच्या नाकात आला, उशीत दाबलेल्या तोंडाचा आणि मलमाचा.

"काही नाही, असं लिहा," ती म्हणाली. अहोजाहो करून म्हणाली.

त्यानं लिहिलं. तिच्या सहीखाली आपली सही केली. दोघांची नावं एका सरकारी कागदावर आली ती अशी.

बाई जिन्यानंच गेली. जाताना म्हणाली, "पुढच्या वर्षीही बहुतेक मीच."

"सुटलो गं बाई," आई म्हणाली, आणि लगेच रडायला लागली. लिफ्टवाला तिच्यापाशी बसला, पाठीवरून हात फिरवत राहिला. मग म्हणाला, "महिनाभर येत नाही मी. साडी द्यायला-न्यायला ती येईल. आणि आता मला चेहऱ्यानं ओळखते ती."

"महिन्यानं?" रफूवालीनं विचारलं.

"बघू," तो म्हणाला. सहा वर्षांत त्यानं तिला 'बघू' कधी म्हटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मावशी सातला आली. पंचा खांद्यावर टाकून पलंगापाशी वाकली, पाठ तपासली. "स्वच्छ आहे हो पाठ. काल येऊन गेली ना ती? माझं काम टिकलं का?"

"टिकलं."

"देव पावला. मी रात्रभर डोळा लावला नाही." मावशीचा चेहरा उजळला, आणि मग काहीतरी आठवून पडला. "आणि तुमच्या लग्नाचं काय ठरलं?"

रफूवालीनं दोन्ही हात तिच्या गळ्यात टाकले आणि घट्ट धरले.

"उचला, मावशी," ती म्हणाली.