साहेब खड्ड्यात अडकले त्याची गोष्ट

चिमटीच्या हाती केसांची पिन आली की वस्तीतल्या कुलपांना कापरं भरायचं. सोळा वर्षांची होईपर्यंत तिने शाळेचं कपाट, दोन दुकानं आणि एकदा तर पोलीस चौकीचा संडाससुद्धा उघडला होता. आत हवालदार होते. न्यायाधीशांनी तिला सुधारगृहाऐवजी वस्तीच्या भाजीबागेत धाडलं. तिथे तिच्यासारखीच वाट चुकलेली पोरं वांगी-टोमॅटो लावत होती. निघताना मावशीने शपथ घातली, "पुन्हा कुलपाला हात लावलास तर माझं मेलेलं तोंड बघशील!" मावशीशिवाय चिमटीला कोणी नव्हतं. तिने दारांकडे बघणंच सोडलं.

बाग सांभाळणारे साहेब तसे भले, पण भित्रे. फावडं हरवलं की आधी पोरांचे खिसे तपासायचे. नगराध्यक्षाबाई बाग बघायला आल्या, तेव्हा साहेब त्यांना कौतुकाने अवजारांची नवी पत्र्याची खोली दाखवायला आत घेऊन गेले. जोराचा वारा आला आणि दार धाडकन लागलं.

आतून धडका सुरू झाल्या. "उघडत नाहीये! चिमटी, पिन काढ!"

चिमटीने दाराकडे पाठ केली. "मला शपथ आहे, साहेब."

"अगं, मी सांगतोय ना!"

"आत्ता सांगताय. उद्या म्हणाल, दार हिनेच लावलं."

आतून आणखी एक धडक आली. बाकीची पोरंही हात मागे बांधून उभी राहिली. दाराला ओरखडा आला तरी नाव आपलंच, हे त्यांना पाठ होतं.

"खणायला तर आपल्याला साहेबांनीच शिकवलंय," उंदऱ्या नावाचा पोरगा म्हणाला.

झालं! सगळी मागच्या पत्र्याखाली तुटून पडली. चिमटीने तर घाम पुसायलाही मान वर केली नाही. खताने माती लोण्यासारखी झाली होती. भोक पडताच साहेब म्हणाले, "बाई, धोका असेल तर आधी मी!" आणि घुसले. डोकं आलं, खांदे आले, पोट काही येईना.

तेवढ्यात मावशी डबा घेऊन आली. "अगं बाई, हे काय पेरलंय?"

"साहेब आहेत," चिमटी म्हणाली. "दार अडकलंय. मी हात नाही लावला हं!"

मावशी पुढच्या बाजूला गेली आणि दाराला कोपर मारलं. दार उघडलं. कुलूप नव्हतंच. दार आत उघडणारं होतं, आणि दोघं आतून जीव खाऊन ते बाहेर ढकलत होते.

नगराध्यक्षाबाई पदर झटकत बाहेर आल्या. "वांगी कुठे आहेत?" त्यांनी विचारलं. मग साहेबांकडे पाहून म्हणाल्या, "आणि यांना उपटा."

चौघांनी हात धरले, चिमटीने कॉलर. साहेब मुळ्यासारखे 'फुस्स' करून निघाले; एक बूट आतच राहिला. चिमटी हसून हसून सरीतच बसली. साहेबांनी तोंडातली माती थुंकली, रागवायला बोट उचललं आणि त्यांनाच हसू फुटलं.

"खड्डा बुजवा आता," ते म्हणाले.

"बुजवायचा कशाला? माती छान भुसभुशीत झालीय," चिमटी म्हणाली. "भोपळा लावू."

साहेब एका पायावर लंगडी घालत बिया आणायला गेले.