बिनधुराड्याचं घर

माझ्या बापाला कोरड्या घरात आणायचं, एवढ्या एकाच गोष्टीसाठी मी घर बांधायला काढलं. मला स्वतःला घराची हौस कधीच नव्हती. गावच्या शाळेच्या स्वयंपाकघरात नोकरी, पन्नाशी उलटलेली, लग्नाच्या भानगडीत पडले नाही. मला एक खोली आणि वाचायला चांगला दिवा पुरला असता. पण बाबांना न्यूमोनिया झाला आणि कॅसलबारच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "त्या ओलीत त्यांचे फार हिवाळे निघायचे नाहीत." आमच्या जुन्या घराच्या भिंतींना पाणी सुटतं. अंथरूण बारा महिने दमट. चुलीपासून चार पावलं लांब गेलं की तोंडातून वाफ निघते. बाबांना विचाराल तर घर एकदम उबदार आहे, कारण ते चुलीपासून चार पावलं लांब कधी जातच नाहीत.

त्या चुलीतला विस्तव विझत नाही. रोज झोपताना बाबा निखारे राखेखाली झाकतात, सकाळी राख सारतात आणि वर टर्फ रचतात, म्हणजे आम्हीच दलदलीतून कापून वाळवलेली जळाऊ माती. हे घर नवीन होतं तेव्हा बाबांच्या आजीनं तिच्या आईच्या चुलीतले निखारे फावड्यावर घालून, शेतं तुडवत आणले होते, आणि तेव्हापासून हा विस्तव तसाच आहे, असं ते सांगतात. इतक्या वर्षांत कुणी एकदाही गुपचूप काडी ओढली नसेल, असं मी काही शपथेवर सांगणार नाही. पण हे बाबांच्या, म्हणजे डॉमनिक डर्कनच्या, तोंडावर बोलायची छाती आमच्या मेयो काउंटीत कुणाची नाही, माझीही नाही.

घराचा विषय काढला तेव्हा त्यांनी एकच अट घातली.

"मी येतो. पण विस्तव माझ्याबरोबर येईल."

"येईल, बाबा. आपल्या शेतातच तर बांधतोय. फावडं घेऊन चालत या."

नकाशात मी पहिल्यांदा चूल आणि धुराडं काढून घेतलं, मग बाकीचं घर.

बांधकाम एंडा किलबेनकडे दिलं. एंडा आमच्या शेजारचा, माझ्यापेक्षा लहान, शाळेत माझ्या हातची खीर खाऊन वाढलेला. काम चोख, बोलणं त्याहून जास्त. पाया भरताना त्यानेच सांगितलं की नव्या घरांचे नियम बदलतायत. घरातून ऊब बाहेर जाता कामा नये, आणि धुराडं म्हणजे तर छताला पाडलेलं भोक, ते नव्या हिशोबात बसायचं नाही.

"मग आपलं काय?"

"ऑक्टोबरअखेर बाहेरच्या चारी भिंती छपरापर्यंत गेल्या की आपण जुन्या नियमात. मग धुराडं तुमचं, कुणाचा बाप काढू शकत नाही."

"आणि नाही गेल्या तर?"

"अगं, जातील! मी काय झोपा काढतोय?"

त्या उन्हाळ्यात पाऊस असा लागला की गुरंसुद्धा वैतागली. भिंतीचे ठोकळे ओले, वाळू ओली, गवंडी गाडीत बसून पत्ते कुटत होते. तरीही ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात तीन भिंती पुऱ्या झाल्या होत्या. राहिली होती बाजूची तिकोनी भिंत, नेमकी धुराड्याची. रेडिओवर कोरड्या हवेचा अंदाज होता आणि एंडा शीळ घालत कामाला लागला होता. मी पण खूश होते. शाळेत मुलांना दोनदोन वेळा खीर वाढत होते.

मंगळवारी सकाळी विनी गॅलाहर गेली.

विनीमावशीचं घर आमच्या बांधाला लागून. नवरा गेल्यापासून एकटी, दोन मुलगे बॉस्टनला. तिच्याकडेही बाबांसारखाच उघडा विस्तव होता. कुणाचा कधी विझलाच तर दुसऱ्याकडून आणायचा, असं त्या दोघांचं ठरलेलं होतं, आणि आपला विझला हे दोघांपैकी एकानेही कधी कबूल केलं नाही.

मी बातमी ऐकून शेतात धावले तोवर काँक्रीटचा मिक्सर बंद झाला होता. बाबा काठी टेकत मधोमध उभे होते आणि गवंडी हत्यारं धूत होते.

"बाबा, हे काय?"

"शेजारी मयत झालंय. काम बंद."

"मला माहीत आहे मयत झालंय! पण शुक्रवारी महिना संपतोय. भिंत राहिली तर तुमची चूल गेली. कळतंय का तुम्हाला?"

"कळतंय."

"मग?"

"विनीचा खड्डा कोण खणणार? काउंटीचं ऑफिस?"

एंडा मान खाली घालून बूट पुसत होता. आमच्याकडे खड्डा शेजारी खणतात. पैसे देऊन माणूस आणला तर गेलेल्याचा अपमान होतो, आणि मयत मातीत जाईपर्यंत आजूबाजूला कुणी कामाला हात लावत नाही. हे मला कुणी शिकवायला नको होतं. मी त्याच मातीत वाढलेय.

बाबा पुढे गेल्यावर एंडा हळूच म्हणाला, "दोन माणसं मागे ठेवू का? गपचूप रचतील."

मला हो म्हणायचं होतं. अगदी जिभेवर आलं होतं. पण मिक्सरचा आवाज विनीमावशीच्या खिडकीतून सरळ आत जातो, आणि तिथे तिला न्हाऊमाखू घालून, हातात जपमाळ देऊन निजवलं होतं. मला फक्त रडू आलं.

"राहू दे," मी म्हटलं.

एका दिवसाचा प्रश्न असता तर निभावलं असतं. पण बॉस्टनच्या मुलांना यायचं होतं. धाकट्याचं विमान चुकलं. त्यांची वाट बघत मयत तीन दिवस घरात राहिलं. सगळा गाव येऊन बसला, हॅमचे सँडविच आणि चहा यांना खळ नव्हता. मीच चहा ओतत होते. बाहेर काय सुरेख ऊन पडलं होतं! खिडकीतून माझी अर्धी भिंत दिसत होती, आणि प्रत्येक पाहुणा मला म्हणत होता, "बिचारीला निदान दिवस तरी चांगला मिळाला."

एंडाने आणि त्याच्या गवंड्यांनीच खड्डा खणला. शुक्रवारी सकाळी विनीमावशीला मातीत ठेवलं आणि दुपारी ते कपडे बदलून धावत भिंतीवर चढले. अंधार पडेपर्यंत रचत होते. तीन थर राहिले.

टूही म्हणून इंजिनियर आहेत. बांधकाम नियमात आहे की नाही ते बघून सही करणं त्यांचं काम. ते शनिवारी आले. सज्जन माणूस. त्यांनी भिंतीकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा भिंतीकडे.

"तीन थर," ते म्हणाले.

"साहेब, तुम्ही स्वतः मयताला होता. बाबांच्या शेजारी उभे होता."

"होतो ना."

"मग?"

"मी काय करू, अट्रॅक्टा? फोटो काढावा लागतो. त्यावर तारीख पडते. खोटी सही केली तर उद्या हे घर विकायचं म्हटलं की अडकेल, आणि मीही अडकेन."

मला कुणावर तरी चिडायचं होतं हो. मनसोक्त, दार आपटून चिडायचं होतं. पण कुणावर? टूहींवर? विमानावर? मेलेल्या बाईवर? नियमसुद्धा वाईट म्हणता येत नव्हता. म्हाताऱ्यांनी गारठून मरू नये म्हणूनच तर तो केला होता.

नकाशे पुन्हा काढले. भिंती जाड झाल्या, खिडक्यांना काचेचे तीन पदर आले, मागे घर तापवणारा विजेचा हीट पंप आला. रचलेलं धुराडं एंडाने उतरवलं आणि ते ठोकळे गोठ्याच्या वाटेला घातले. टूहींनी एक तोड सुचवली, की काचेची बंद शेगडी बसवता येईल, तिला बाहेरची हवा नळीनं देऊ, दार मात्र सतत बंद हवं.

बाबांनी नीट ऐकून घेतलं. "तिच्यात विस्तव राखेखाली झाकून ठेवता येईल? सकाळपर्यंत?"

"नाही, डॉमनिक. ती विझणार. सकाळी पुन्हा पेटवायची."

"मग ती मला कशाला?" बाबा म्हणाले. रागाने नाही, चहात साखर नको म्हणावं तसं.

पुढच्या सप्टेंबरात घराची परीक्षा झाली. एक बाई आली, दारात मोठा पंखा बसवला, घरातली हवा बाहेर ओढली आणि हातातल्या नळीतून बारीकसा धूर सोडत भिंतीभिंतीने फिरली. कुठे फट असेल तर धूर हलतो. बाबा टोपी हातात घेऊन तिच्या मागेमागे. जिथे चूल व्हायची होती त्या भिंतीपाशी ती थांबली. धूर सरळ उभा राहिला.

"वा!" ती म्हणाली. "मी या काउंटीत इतकं हवाबंद घर पाहिलेलं नाही."

"मग माणसाने श्वास कुठून घ्यायचा?" बाबांनी विचारलं.

"त्याला यंत्र आहे, आजोबा."

"असं का," बाबा म्हणाले.

घर पास झालं. एंडाने मला मिठी मारली, आणि खरं सांगायचं तर मलाही अभिमान वाटला.

राहायला जायच्या आधीच्या रविवारी चर्चमधून येताना बाबा म्हणाले, "गाडी जरा एंडाकडे घे." मला वाटलं, आभार मानायचे असतील. दारातच त्यांनी एंडाच्या बायकोला विचारलं, "तुमच्याकडे चूल आहे का गं? विस्तव ठेवायचा होता. माझ्यानंतर नुसता झाकत राहायचं, बाकी काही नाही." ती गोंधळली. मग उत्साहाने आत घेऊन गेली, भिंतीवर एक पेटी होती, बटण दाबलं की ज्वाळा दिसतात. "बघा, डॉमनिककाका, अगदी खऱ्यासारखं!" बाबांनी वाकून बघितलं आणि छान आहे म्हणाले.

मग आम्ही कोरिगनांकडे गेलो, त्यांच्याकडे लाकडाच्या गोळ्यांची भट्टी. मास्तरांकडे तेलाचा बॉयलर, धुराडं सिमेंटने बुजवलेलं. फादरांच्या घरी गॅस. प्रत्येकाने बसवून चहा दिला, केक दिला, आणि प्रत्येकाला मनापासून वाईट वाटलं. विस्तव कुणीच घेऊ शकत नव्हतं. शेवटी बाबांनी विनीमावशीच्या घरापाशी गाडी थांबवायला सांगितली. दाराला कुलूप होतं. किल्ली बॉस्टनला.

"हिच्याकडे ठेवला असता," ते म्हणाले.

जुन्या घरात पुन्हा कुणी राहू नये म्हणून त्याचं छप्पर उतरवायचं, अशी नव्या घराच्या परवानगीतच अट होती. निघायच्या दिवशी मी बॅग घेऊन दारात उभी होते. बाबांनी नेहमीसारखे निखारे एकत्र केले, वर राख ओढली, फावड्याच्या पाठीने सपाट थोपटली. चिमटा जागच्या जागी टांगला. मी म्हटलं, "बाबा, फावडं घ्या हवं तर. निदान अंगणात..."

"अंगणात विस्तव कोण ठेवतं?" ते म्हणाले आणि दार ओढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी एंडाने पत्रे काढले आणि संध्याकाळी पाऊस आला. मी त्याला विचारलं, राखेखाली काही होतं का रे? "नको विचारूस," तो म्हणाला, आणि एरवी ज्याचं तोंड बंद होत नाही तो एंडा गाडीत बसून निघून गेला.

या गोष्टीला आता दुसरा हिवाळा चालू आहे. बाबांची छाती स्वच्छ आहे. डॉक्टरीणबाई मला म्हणतात, तू त्यांचं आयुष्य वाढवलंस. घरात कुठेही उभं राहा, ऊब सारखी. भिंतीला हात लावा, कोरडी ठणठणीत.

बाबा आत येताना पायपुसण्यावर खूप वेळ बूट पुसतात. कप घ्यायचा तर विचारून घेतात. खुर्चीच्या कडेवर बसतात, टोपी गुडघ्यावर. आणि रोज संध्याकाळी बातम्या संपल्या की उठून कोट चढवतात.

"बरं, अट्रॅक्टा, निघतो मी. चहा फार छान होता."

पहिल्यांदा मी घाबरले. म्हटलं, "बाबा, हेच आपलं घर आहे."

"माहीत आहे मला. वेडा नाही झालो," ते म्हणाले, आणि तसेच उभे राहिले, बटणं लावून, जायला कुठेच नसलेले.

आता मी वाद घालत नाही. "बसा की अजून थोडं. घाई काय आहे?" असं म्हणते, आल्यागेल्याला म्हणतो तसं.

"बरं. पाचच मिनिटं हं," बाबा म्हणतात, आणि कोट न काढता बसतात.