दाढेवरचा पांढरा डाग

दातांच्या त्या दवाखान्यात बापलेकीचं रोज वाजायचं, आणि कशावरून, तर कीड ओळखायची कशी यावरून! बाप जुना दातांचा डॉक्टर. अणकुचीदार सळई दातावर टोचायची. अडकली की कीड, नाही अडकली की चला, पुढचा पेशंट. लेकही दातांचीच डॉक्टर. तिनं उजेड टाकणारं यंत्र आणलं होतं. दात आतून जितका किडलेला, तितका मोठा आकडा ते दाखवायचं. "आता दिवा शिकवणार होय मला!" म्हणून म्हातारा हसायचा. तोरा काही कमी नव्हता त्याचा.

त्या दिवशी तिनं स्वतःच्याच मुलीला, चिमीला, खुर्चीत बसवलं. चिमीच्या नव्या दाढेवर पांढरा डाग होता. वरचं कवच शाबूत, आतून मऊ. पण लेपाचं औषध लागू पडत होतं, यंत्रावरचा आकडा महिन्यागणिक उतरत होता. न कोरता दाढ बरी होणार होती. हे बाबांनी एकदा डोळ्यांनी पाहिलं की त्यांचं टोचणं थांबेल, एवढीच तिची आशा.

"हा आधीचा फोटो बघा हं," म्हणत ती पडद्याकडे वळली. वळली तिथंच चुकलं. तेवढ्यात बापानं चिमीच्या दाढेवर सळई टोचली.

"अडकली!" म्हातारा ओरडला. "तुझा दिवा म्हणतो बरी होतेय, आणि इथं चांगला खड्डा!"

ती झटकन मागं वळली. डागाच्या मधोमध भोक होतं. सकाळी ते नव्हतं. सळईच्या दाबानं नाजूक कवच फुटलं होतं. आता दाढ कोरून भरण्यावाचून गत्यंतर नव्हतं. असा संताप आला तिला, की ती सळई खिडकीबाहेर भिरकावून द्यावी. पण बापाचा चेहरा काय खुलला होता! हल्ली पेशंट लेकीलाच विचारत यायचे. कितीतरी दिवसांनी म्हातारा असा ताठ उभा होता.

"आधीचाच ना गं हा खड्डा?" त्यानं सहज विचारलं.

"आधीचाच," ती म्हणाली. "यंत्राला दिसला नाही."

मग काय, स्वारी हवेतच! चिमीला खाली उतरवून त्यानं बाहेर थांबलेल्या एका बाईंना त्यांच्या मुलीसकट आत बोलावलं, नवी सळई उचलली.

"आ कर बाळा. दिव्याबिव्याची भानगड नको आपल्याला."

लेकीनं वाकून पाहिलं. तसाच पांढरा डाग. तिनं बापाचं मनगट धरलं.

"नको, बाबा. मघाशी खोटं बोलले मी. ते भोक तुमच्या हातानं पडलं."

बाई बघतच राहिल्या. म्हाताऱ्यानं सळई ट्रेमध्ये ठेवली आणि तो स्टुलावर बसला.

"लहानपणी तुझ्या सगळ्या दाढा मीच भरल्या," तो म्हणाला. "त्यांत तरी खड्डे होते ना गं?"

तिला ते माहीत नव्हतं, आणि आता कळायलाही काही मार्ग नव्हता.