पुलाच्या अलीकडे

आमच्या कुर्तात खोऱ्यात पुरुष गेला की त्याला घोडा अर्पण करतात. लगाम मृताच्या हातात ठेवायचा आणि जाणत्या म्हाताऱ्याने परलोकाची सगळी वाट गाऊन सांगायची. तिथे शब्द हाच वाटाड्या. वाट अर्ध्यात तुटली तर स्वार तिथेच अडकतो, आणि दिवस मावळला की पलीकडचं दार बंद.

बिबो गेला, त्याला पुरायला नेलं तेव्हा ऊन कड्याला टेकत आलं होतं. वाट सांगणारे आता एकटे गप्पोआबा उरलेले.

“आबा, पाठ आहे ना? की फोनवर लावू?” बिबोचा पुतण्या तोतराझ म्हणाला.

“फोनला घोडा कळतो का रे गाढवा? तुझ्या बापाला मीच पोचवलाय.”

आबांनी सूर लावला. काय गोड गळा तो, ऐकताना मरणाचं भय सरायचं. स्वार निघाला, कुरणं ओलांडली, केसाएवढ्या पुलाशी आला. आणि आबा थांबले. ओठ हलत होते, शब्द येईना.

बिबोची बायको गोसामा बायकांच्या घोळक्यात होती. जन्मभर लांबून ऐकून तिला सगळं पाठ. पण पुरुषांच्या त्या रिंगणात बाईने बोलायचं नसतं. तिने पदर तोंडात धरला. मग तिला राहवेना.

“‘भिऊ नकोस, पूल तुझ्या घोड्याला ओळखतो.’ पुढचं हे आहे, आबा.”

आबा रागावले नाहीत. “पोरी, बाईच्या तोंडचा धागा मला पुढे नेता येत नाही गं. पहिल्यापासून सांगावं लागेल.”

“सांगा. पण ऊन...”

“दिसतंय मला.”

पुन्हा कुरणं, पुन्हा पूल. पुन्हा तिथेच अडले. आता आबाच तिच्याकडे वळले. “सांग बाई. पाप माझ्या माथी.”

तोतराझने फावडं उचललं होतं. “काकू, ऊन चाललं बघ. दार बंद व्हायच्या आत पुरायलाच हवं. निदान दाराशी तरी पोचू दे काकाला.”

“दाराशी कसा पोचेल रे? तो पुलाच्या अलीकडेच आहे.”

माती पडू लागली.

माणसं जेवायला खाली उतरल्यावर गोसामाने ढिगाऱ्यापाशी उभं राहून पुलापासून शेवटपर्यंत सगळं म्हटलं. एक शब्द चुकला नाही. शेवटी जमलेल्यांनी एका आवाजात ‘उजेडात राहा’ म्हणायचं असतं. त्यासाठी ती थांबली. खालून ताटांचा आवाज येत होता.