मेर्ताच्या वखारीतलं नाक

करारातलं सातवं कलम वालबोर्गने दोनदा वाचलं आणि कागद ईवारकडे सरकवला. ईवार तिचा धाकटा दीर, उल्वस्कारच्या वखार मंडळाचा चिटणीस. गावात ज्याचा चष्मा वेळेवर सापडतो असा तो एकटाच.

"वखारीत वास नसावा," त्याने मोठ्याने वाचलं. "तपासणीत वास आढळल्यास वखारीचं नाव आणि आतली मांडणी कंपनी ठरवेल."

"कसला वास?" वालबोर्गने विचारलं.

ईवारने नाक वर करून हवा हुंगली. मंडळाच्या बाकीच्या पाच जणांनीही हुंगली. सगळे वखारीतच, म्हणजे गावाच्या हेरिंग संग्रहालयातच बसले होते, आंबत घातलेल्या हेरिंग मासळीच्या पिंपांना पाठ टेकून. वखारीच्या फळ्यांनी ऐंशी वर्षं मासळीचं खारं पाणी प्यायलं होतं.

"मला कॉफीचा येतोय," ईवार म्हणाला.

"कॉफीचं काही लिहिलंय?"

"नाही, वहिनी."

"मग आपट हातोडी."

ईवारने हातोडी आपटली, ठराव इतिवृत्तात गेला आणि सगळ्यांनी आणखी एकेक कप घेतला. फसवणूक कुणी केली नव्हती. उल्वस्कारमध्ये खरोखरच कुणाला हेरिंगचा वास येत नव्हता.

वालबोर्गला कुणापुढे हात पसरणं जमत नसे. पण वखारीचं छप्पर खचलं होतं, आणि नगरपालिकेने यंदाचे सगळे पैसे पोहण्याच्या तलावात घातले होते. तेवढ्यात ग्रानलुफ्त कंपनी आली. घराघरांत भिंतीला लावायच्या सुगंधाच्या कुप्या बनवणारी. छप्पर आम्ही घालतो, म्हणाली, ऑगस्टमधल्या हेरिंग उत्सवाचा खर्चही आमचा. बदल्यात जाहिरातीत एवढंच म्हणू द्या, की आमच्या कुप्या लावल्या तर आंबट हेरिंगच्या संग्रहालयातही वास राहत नाही.

वालबोर्गचा जीव मात्र छपरात नव्हता, दारावरच्या पाटीत होता. 'मेर्ताची वखार'. तिच्या आईने, मेर्ताने, डांबराच्या कुंचल्याने स्वतः लिहिलेली, शेवटची अक्षरं दाटीवाटीने बसवलेली. मेर्ताचं नाव जगात दुसरीकडे कुठेच नव्हतं. चर्चच्या आवारातल्या दगडावर 'कोळी ऊलोफ आणि त्याची पत्नी' एवढंच कोरलं होतं. मेर्ताने चाळीस वर्षं हेरिंग आंबवली, ऊलोफने चाळीस वर्षं ती किती छान झाली ते सांगितलं, आणि दगड ऊलोफला मिळाला.

जुलैच्या शेवटी दक्षिणेतून कंपनीची फिलिप्पा आली. कंपनी जिच्या नाकावर चालते ती हीच, असं ईवारने वाचलं होतं. डोळे मिटून, नुसत्या वासावरून, पाइनचं लाकूड कुठलं आणि स्प्रूसचं कुठलं ते सांगायची. करारात तसं कलमच होतं: वास तपासणाऱ्या यंत्राबद्दल वाद झाल्यास फिलिप्पाचं नाक अंतिम.

बसमधून उतरली आणि तिने रुमाल नाकाला लावला. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

"सर्दी झालीय वाटतं," वालबोर्ग म्हणाली. "चल घरी. खानावळ तर बंद पडली, माझ्याकडेच राहा. बटाटे उकडलेत."

"हे... हे नेहमीच असं असतं?"

"नेहमी. वारा समुद्रावरून येतो ना."

फिलिप्पाने वखारीच्या भिंतीवर एक पांढरी डबी बसवली. त्या डबीला गावाने लगेच 'नाक' म्हणायला सुरुवात केली. वास नसेल तर हिरवा दिवा, असेल तर लाल. डबी सुरू केली तशी ती लाल झाली आणि तिने फुस्स करून सुगंध सोडला.

"बिघडलंय," ईवार म्हणाला.

साबणाच्या पाण्याने जमीन घासली. नाक लाल. भिंतींना चुना दिला. लाल. पिंपं बाहेर काढली आणि त्यांच्या जागी पिंपांचे फोटो लावले. तरी लाल. जाळी गेली, चाकू गेले, मेर्ताचा कातडी एप्रन वालबोर्गने स्वतः घरी नेला. आता वखारीत चार भिंती, पिंपांचे फोटो आणि गावकरी, एवढंच उरलं.

मग फिलिप्पाने माणसं एकेक करून आत पाठवली. पाववाली गेली, लाल. चर्चचा वादक गेला, लाल. वालबोर्ग उंबरठ्यावर पोचली मात्र, नाकाने तिच्यावर तीनदा फुस्स केलं.

वालबोर्ग बाहेर आली तेव्हा तिचे कान तांबडे झाले होते.

"मी शनिवारी अंघोळ करते," ती म्हणाली. "आणि बुधवारीही."

"तुला ओळखत नाही ना ते अजून," ईवारने समजूत घातली. "अनोळखी माणसावर कुत्रंही भुंकतं."

"चार तास सौनाच्या वाफेत घाम गाळून आलास तेव्हा तुझ्यावर किती वेळा भुंकलं?"

"दोनदा."

"मग गप्प बैस."

सगळे बाहेर गेले, दार लोटलं, आणि खिडकीतून पाहिलं तर दिवा हिरवा. म्हणजे संग्रहालय उत्तम होतं, फक्त त्यात काही आणि कुणी असायला नको होतं. मंडळाची सभा धक्क्यावर भरली. ठराव असा झाला, की ऑगस्टच्या तिसऱ्या गुरुवारी, उत्सवाच्या सकाळी, सगळं गाव धक्क्यावरच उभं राहील. आत जाईल ती फक्त फिलिप्पा. दिवा पाहील, सही करेल. गावात वास नसलेली ती एकटीच.

तोवर तीन आठवडे फिलिप्पा वालबोर्गच्या स्वयंपाकघरात जेवत होती. पहिल्या दिवशी तिने नुसते बटाटे खाल्ले, तेही खिडकीबाहेर डोकं काढून. पाचव्या दिवशी कांदा घेतला. दहाव्या दिवशी लोणी लावलेल्या पातळ भाकरीत हेरिंगचा नखाएवढा तुकडा गुंडाळून घेतला आणि डोळे मिटून गिळला.

"औषध नाहीये ते, पोरी. चाव."

तिने चावला. पंधराव्या दिवशी ती स्वतः दुसऱ्यांदा वाढून घेत होती, आणि रुमाल कुठे गेला ते तिला आठवत नव्हतं. सर्दी उतरली, असं वालबोर्गने ईवारला सांगितलं.

गुरुवार उजाडला. दर वर्षी आंबवलेल्या हेरिंगचा पहिला डबा वखारीच्या उंबरठ्यावर फोडायचा, एक पाय आत, एक बाहेर. मेर्ताने घालून दिलेली रीत. फुगून गोल झालेला डबा वालबोर्गने काखेत धरला होता. धक्क्यावर लांब टेबलं मांडलेली, भाकऱ्या झाकलेल्या. कंपनीच्या माणसांनी नवी पाटीही आणून भिंतीला टेकवली होती, न जाणो लागली तर. 'ग्रानलुफ्त सुगंधघर'. अक्षरं सगळी सारख्या अंतरावर. वालबोर्गने तिच्याकडे पाठ केली.

दहा वाजता फिलिप्पा आत गेली.

दिवा लाल झाला. फुस्स.

ती बाहेर आली. दिवा हिरवा. पुन्हा आत गेली. लाल, फुस्स, फुस्स. कंपनीच्या माणसाने नवी पाटी उचलली आणि शिडीकडे पाहिलं.

वालबोर्गने डबा छातीशी घट्ट धरला. आईच्या पाटीवरची दाटीवाटीची अक्षरं तिला धक्क्यावरूनही दिसत होती.

"फिलिप्पा," कंपनीचा माणूस म्हणाला. तो तिच्यापासून बराच लांब उभा होता आणि तोंडाने श्वास घेत होता. "वास आहे म्हणतंय ते."

"कसला वास?" फिलिप्पा म्हणाली.

तिने नाक वर करून हवा हुंगली. मग स्वतःची बाही हुंगली, सावकाश, डोळे मिटून, कामाला बसल्यासारखी. ईवारकडे वळून विचारलं, "तुला येतोय?"

"कॉफीचा," ईवार म्हणाला.

"हो, कॉफीचा येतोय." तिने कागद गुडघ्यावर ठेवला आणि लिहिलं: वास नाही. यंत्र सदोष. खाली सही केली, आणि भिंतीवरचं नाक स्वतःच्या हाताने उपटून खिशात टाकलं. खिशातही ते फुसफुसत राहिलं.

"कलम नववं," ईवारने कंपनीच्या माणसाला वाचून दाखवलं. "वाद झाल्यास फिलिप्पाचं नाक अंतिम."

माणसाने काहीतरी उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण बोलायचं म्हणजे श्वास घ्यावा लागणार होता. तो मोटारीत जाऊन बसला.

वालबोर्गने एक पाय उंबरठ्याच्या आत ठेवला, एक बाहेर. डोक्यावर पाटी. डबा तिरका धरून तिने सुरीचं टोक खुपसलं. आतलं पाणी उसळून तिच्या कोपरापर्यंत आलं.

"दगड बाबांना मिळाला, पाटी आईला," ती म्हणाली, आणि पिंपं आत लोटायला सांगितली.

शनिवारी फिलिप्पा निघाली. वालबोर्गने भाकरीत गुंडाळून चार तुकडे दिले, वाटेत लागतील म्हणून. बस वळणावर पोचते न पोचते तोच ड्रायव्हरने एकेक करून सगळ्या खिडक्या उघडल्या. बाहेर पाऊस भुरभुरत होता.

"बघ," वालबोर्ग ईवारला म्हणाली. "या दक्षिणेकडच्या लोकांना किती लवकर उकडतं."