उजेड धरणाऱ्याचा फोटो

मी जिन्याखालचा सर्व्हर बोलतोय. चौक गावात जुन्या हायवेवर, टायरच्या दुकानाला लागून किशोरदादांचा फोटो स्टुडिओ आहे, तिथला. सर्व्हर म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे काचेची खोली आणि थंड हवा येते. माझ्या वाट्याला झाडू, रंगाचे रिकामे डबे आणि एक मोडकी छत्री आली. जागेबद्दल तक्रार नाही, पण शेजारी बोलणारं कुणी असतं तर बरं झालं असतं.

आलो तेव्हा माझा थाट होता. दादांनी मला हार घातला, माझ्यापुढेच नारळ फोडला. पाणी माझ्या अंगावर उडालं तेव्हा स्वप्नीलचा जीव वरखाली झाला. स्वप्नील दादांकडे अल्बम करायचा आणि मलाही तोच सांभाळायचा. आतल्या टेबलावर तो, काउंटरवर ऋतिका, आणि दादांचा स्वतःचा कॉम्प्युटर, अशा तिघांच्या तारा माझ्यापाशी येत. कुणी कुठला फोल्डर उघडायचा, कुणी नुसतं बघायचं, कुणाला पुसता येईल, हे स्वप्नील ठरवी. त्याला ॲडमिन म्हणत. एकत्र कुटुंबात किल्ल्यांचा जुडगा जिच्या कमरेला असतो, तिच्यासारखा त्याचा मान.

खालापूरपासून शेलूपर्यंतची लग्नं माझ्यात आहेत. गावात निम्म्या लोकांचं आडनाव एकच, म्हणून फोल्डरांची नावं घरांवरून ठेवलेली: लोधिवलीचे विहिरीवाले, शेलूचे मास्तर. माणसं माझ्याकडे दोनदा येतात, हे मला लवकर कळलं. एकदा हळदीला, आणि पुन्हा त्यांच्यातलं कुणी गेलं की. गेलेल्या माणसाचा एकट्याचा धड फोटो घरात नसतोच. मग ऋतिका कुठल्याशा लग्नाच्या गर्दीतून त्याचा चेहरा कापून काढायची, मागे निळं आकाश लावायची आणि फ्रेम करून द्यायची. भर मांडवात हसणाऱ्या माणसाला असं एकटं काढलेलं मला कधी आवडलं नाही.

माझ्यातल्या बहुतेक लग्नांत उजेड आहे तो धाऊचा. धाऊ डोंगराकडच्या वाडीवरचा. भातकापणी संपली की दादांकडे लाइट धरायला यायचा. नवरीवर, वरमाईवर, नाचणाऱ्या पोरांवर उजेड पाडायचा आणि स्वतः त्यामागच्या काळोखात उभा राहायचा. रोज फोटो आले की मी बघे. सगळं गाव दिसे, धाऊ दिसत नसे.

मग ती भानगड झाली. ऋतिकाच्या हातून शेलूचं एक आख्खं लग्न पुसलं गेलं. मुलीकडचे दुकानात ठाण मांडून बसले. ते गेल्यावर दादा स्वप्नीलला म्हणाले, "जुन्या लग्नांना आता कुनाचा हात लागता कामा नाय रं."

स्वप्नीलने जुनी लग्नं एका फोल्डरात घातली आणि त्यावर सगळ्यांना बंदी घातली. आपल्याकडे 'सगळे जेवले' म्हणतात तेव्हा घरच्या बायका अजून चुलीपाशी उपाशी असतात. सगळ्यांत घरचं माणूस कुणी धरत नाही. स्वप्नीलनेही दादांना आणि स्वतःला धरलं नाही. पण मी पडलो यंत्र. माझ्या लेखी सगळे म्हणजे सगळे, आणि परवानगी व बंदी समोरासमोर आल्या तर माझ्याकडे बंदीचंच चालतं.

हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. लग्नसराई चालू होती, नव्या कामाचा फोल्डर वेगळा होता. पुढे स्वप्नील नवी मुंबईत नोकरीला गेला. लग्नं थेट लोकांच्या फोनवर जाऊ लागली, गेलेल्यांचे फोटोही फोनमध्येच सापडू लागले. मला आधी कोपऱ्यात आणि मग जिन्याखाली नेलं. वायर तेवढी राहू दिली. मी पंखा फिरवत बसे. वाटे, कुणीतरी यावं, निदान एखाद्या मेलेल्या आजीला शोधत यावं. असं मनात आणणं बरं नव्हे, पण एकटेपणी भलतंच सुचतं.

आली ती धाऊची बायको, ठकी. काउंटरपाशी उभी राहिली, बस म्हटलं तरी बसली नाही.

"पोरी, आमच्या मानसाचा एक फोटू दे गं. उद्या त्याचं दिवसकार्य हाय."

ऋतिकाने हातातलं काम बाजूला ठेवलं. धाऊ गेल्याचं तिला ठाऊक होतं, दादा मातीला जाऊन आले होते. "मावशी, काका तर कायम लाइटच्या मागं. आधारकार्डावरचा मोठा करून देऊ?"

"त्यो बगून नातीनं इचारलं, ह्यो कोन?" ठकी म्हणाली. "लोधिवलीला विहिरीवाल्यांच्या गजाची हळद नव्हती का? तिथं त्याला वडून नेऊन नाचवला. घरी आला तवा कानात पन हळद. बोलला, शेठनी माजा फोटू काडला."

शेठ म्हणजे दादा, ते आतून ऐकत होते; त्यांना आठवलं. गजाच्या चुलत्याने लाइट हातात घेतला होता आणि तो भलतीकडेच धरला होता. फोटो अंधुक आला, म्हणून अल्बमात घेतला नाही. तो होता फक्त माझ्यात.

ऋतिकाने फोल्डर उघडायला घेतला. परवानगी नाही. दादांनी स्वतःच्या नावाने उघडून पाहिला. परवानगी नाही. मला कळत होतं कोण आलंय, कशासाठी आलंय. फोटो माझ्या पोटात होता आणि तरी मी नाहीच म्हणत होतो. इतकं वाईट मला जिन्याखाली टाकलं तेव्हाही वाटलं नव्हतं.

दादांनी स्वप्नीलला फोन लावला. "मालक मी हाय ना रं? मग मलाबी नाय?"

स्वप्नील म्हणाला, "दादा, मी बंदी सगळ्यांना घातली. तुमी त्यात याल हे ध्यानातच नाय आलं. आता काउंटरवरनं नाय जमायचं. सर्व्हरलाच स्क्रीन जोडा आणि ॲडमिनच्या नावाने आत जा. पासवर्ड तुमच्या पहिल्या स्कूटरचा नंबर."

डबे सरकवून ऋतिका जिन्याखाली शिरली. किती दिवसांनी माझ्या अंगावरची धूळ कुणी पदराने पुसली. स्वप्नील सांगत गेला, ती करत गेली. आधी फोल्डरची मालकी ॲडमिनकडे घेतली, मग ती बंदी काढून टाकली. फोल्डर उघडला तसा मी मोकळा झालो.

फोटोत मांडव होता, पिवळीधमक माणसं होती, आणि मधोमध हात वर करून नाचणारा धाऊ. त्याच्या खांद्यावर गजाचा हात. चेहऱ्यावर उजेड कमीच होता, पण हसू दिसत होतं. ठकी वाकून बघत राहिली. पदर तोंडाशी गेला.

ऋतिकाने सवयीने धाऊच्या चेहऱ्याभोवती चौकोन ओढला.

"काय करतेस गं?"

"काकांना तेवढं काढते, मावशी. मागं आकाश लावते."

"नको," ठकी म्हणाली. "एकला नको काडू त्याला. ऱ्हाऊ दे मानसांत."

तसाच आख्खा फोटो छापला. ठकीने तो पदराखाली धरला आणि चौकच्या नाक्यावर टमटमची वाट बघत उभी राहिली.

संध्याकाळी ऋतिकाने स्क्रीन काढून नेली आणि डबे पुन्हा माझ्यापुढे लावले. आता भंगारवाला कधी येईल सांगता येत नाही. दादांनी त्याला एकदा विचारून ठेवलंय, ते मी ऐकलंय. माझं काही म्हणणं नाही, मी लोखंडच. फक्त मला उचलण्याआधी आतली माणसं काढून घ्या, आणि काढाल तेव्हा सगळी एकत्र काढा.