खापरापुढची जागा

सोनाळ्यात मांडे म्हटलं की झुंबरबाई, हे सव्वीस वर्षं ठरलेलंच होतं. साखरपुडा असो की नव्या जावयाचं जेवण, चुलीवर मातीचं खापर उपडं पडायच्या आधी तिला बोलावणं जायचं. पुरण भरलेला उंडा जरासा लाटायचा, मग या हातावरून त्या हातावर झुलवत झुलवत परातीएवढा करायचा आणि तापल्या खापरावर अलगद सोडायचा. बघायला बायाच काय, गडीमाणसंही दारात उभी राहायची. झुंबरबाईला ते फार आवडायचं. का आवडू नये?

तर अशा बाईच्या छातीत गेल्या वर्षी दुखायला लागलं. डाव्या बाजूच्या बरगड्या मधल्या हाडाला मिळतात, नेमकं तिथं. बोट टेकवलं तरी जीव कळवळायचा. पण बाई पक्की. सांगितलं की खापरापुढची जागा गेली, हे तिला पुरतं ठाऊक. मांडा झुलवताना कळ आली की डावा खांदा उचलायची, मान कलती करायची, दम धरायची आणि वेळ मारून न्यायची. वर्षभर कुणाला पत्ता लागला नाही.

होळीच्या पोळ्यांची कणीक तिंबताना मात्र ती छाती धरून खालीच बसली. सगळ्यांना वाटलं, हृदयाचंच काहीतरी. नवरा किसनराव तिला गाडीत घालून नांदुऱ्याला घेऊन गेला. डॉक्टरांनी ईसीजीची पट्टी काढली, छाती दाबून पाहिली आणि सांगितलं, हृदय ठणठणीत आहे, बरगडीच्या कूर्चेला, म्हणजे टोकाच्या मऊ हाडाला, सूज आहे. शेक घ्या, गोळी जेवणानंतर घ्या. पण अंथरुणाला खिळून राहू नका. चाला, हात हळूहळू वर न्या, हलकी कामं करा. तिंबणं आणि झुलवणं तेवढं तीन महिने बंद.

त्या तीन महिन्यांतच हिंमतरावांच्या डिंपलचा साखरपुडा निघाला. तिची आई कौशल्याबाई तब्येतीची विचारपूस करायला आली, चहा प्याली आणि जाता जाता म्हणाली की मांडे जयमाला करेल, तुम्ही नुसतं येऊन बसा. जयमाला म्हणजे झुंबरबाईची चुलत जाऊ. चार वर्षं शेजारी बसून हिला उंडे भरून देणारी!

झुंबरबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. रात्रीची भाकरी गोड लागेना. ती नवऱ्याला म्हणाली, "कालची आलेली बाई मांडे करीन, अन् मी पाटावर बसून पाहू?"

किसनराव कूस बदलून झोपला. त्याला काय कळणार कपाळ!

दुसऱ्या दिवसापासून बाईने डॉक्टरांचं सगळं मनावर घेतलं, तेही निव्वळ जळफळाटापायी. सकाळी मारुतीच्या देवळापर्यंत चालायची. दाराच्या चौकटीला दोन्ही हात टेकवून, जेवढं सोसेल तेवढी छाती मोकळी करायची. गरम पाण्याची पिशवी घेऊन बसली की मनात जयमालाच. पंधरा दिवसांत हात डोक्यावर जायला लागले. साखरपुड्याच्या सकाळी तिने दार लावून ओलं फडकं हातांवर झुलवून पाहिलं. पाचव्या झोक्याला अशी कळ आली की फडकं तिथंच पडलं.

मग ती जरीचं पातळ नेसून गेली आणि बरोबर खापरासमोर पाट मांडून बसली. देवा, या जयमालाचा पहिलाच मांडा फाटू दे, असं तिने मनोमन मागितलं. मागू नये, पण मागितलं.

आणि फाटला की! पुरण चुलीत सांडलं. झुंबरबाईला इतकं बरं वाटलं की ती छातीचं दुखणंही विसरली. दुसराही फाटला. मांडवात पाहुणे बसलेले, कौशल्याबाईचा चेहरा एवढासा झाला. जयमाला रडकुंडीला आली.

"बाई, सारं तुमच्यासारखंच करून राह्यली मी," ती झुंबरबाईला म्हणाली. "असाच खांदा उचलता तुम्ही, असाच दम धरता. मंग काऊन फाटते?"

झुंबरबाईने आता नीट पाहिलं. जयमालाने तिसरा उंडा हातावर घेतला होता. डावा खांदा वर, मान कलती, दम धरलेला. वर्षभर लपवलेलं आपलं दुखणं दुसऱ्या बाईच्या अंगात उभं होतं. झुंबरबाईचा हात सव्वीस वर्षांचा, म्हणून त्याने ते निभावलं. हिचा कुठून निभावणार?

गप्प बसलं की झालं. हाही फाटेल, आणि तीन महिन्यांनी गाव पुन्हा आपल्याच दारात येईल. झोका सुरू झाला, मांडा एका बाजूला लोंबला.

"खांदा खाली घे," झुंबरबाईच्या तोंडून निघून गेलं. "ते मांड्याचं नाही. ते माह्या दुखण्याचं हाये. सरळ उभी राह्य, अन् श्वास सोड."

बाया चपापून तिच्याकडे बघत राहिल्या. जयमालाने खांदा सोडला, श्वास सोडला. मांडा या हातावरून त्या हातावर जाऊ लागला, पसरला, आणखी पसरला. इतका पातळ झाला की पलीकडचा जाळ दिसला. झुंबरबाईने उभ्या आयुष्यात एवढा मोठा मांडा केला नव्हता. दारातली गडीमाणसं वाहवा करत पुढे सरकली. पाटावरच्या बाईकडे कुणाचं लक्ष गेलं नाही.

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. धुराचं आहे असं म्हणत तिने पदराने पुसलं आणि कणकेची परात पुढ्यात ओढली. हलकी कामं करा, असं डॉक्टरच म्हणाले होते. ती जयमालाला उंडे भरून देऊ लागली.

चौथ्या उंड्यात तिने मुद्दाम मूठभर पुरण जास्त भरलं. तोही फाटला नाही.